मागल्या दारची वाट

सोललेला वालाचा दाणा बोटांतून सुळकन निसटला, फरशीवरून घरंगळत गेला आणि मागच्या दाराच्या फटीशी जाऊन अडकला — पांढरा, ओला, आणि बघता बघता धुळीनं मळलेला. जनाबाई त्याच्याकडे बघत बसली. उचलायचा, धुवायचा आणि परातीत टाकायचा, एवढंच तर काम; पण हात उठेना. सकाळी पुसलेली फरशी, आणि अजून भाताचा कुकर चढला नाही तोवर दाराखालून पिठासारखी बारीक धूळ पुन्हा आत... रस्ता झाल्यापासून हे असंच. पुसा, पुन्हा पुसा. कपाळ माझं.

आणि वाल सोलणं हे एकटीचं काम नव्हेच मुळी. भिजवलेले, मोड आलेले वाल मागच्या दारी घेऊन बसायचं, पलीकडून पुतळा आपली परात घेऊन यायची, मग कुणाचे वाल कोण सोलतंय याचा पत्ता नसायचा. बोटं चालायची आणि तोंडं त्याहून जोरात. सासूचं गाऱ्हाणं, पाळी चुकल्याची काळजी, कुणाच्या सुनेला उलट्या सुरू झाल्या, कुणाचा नवरा पिऊन आला आणि वर हसत काय म्हणाला... परात कधी भरायची ते कळायचंही नाही. आता कळतं. आता एकेक दाणा मोजल्यासारखा लागतो बोटाला, आणि परात काही भरत नाही.

आज दुपारी गवंडी येणार होता. हे दार बुजवायला.

हिरामणनं, तिच्या नवऱ्यानं, हे चार दिवसांपूर्वी जेवताना सांगितलं होतं, भाकरीचा तुकडा मोडता मोडता, मीठ कमी आहे म्हणावं तितक्या सहज. मागच्या पडवीची खोली करायची, आत संडास-बाथरूम, वर एसी. दिवाळीनंतर प्रज्वलचं लग्न, येणारी किर्ती बदलापुरातल्या फ्लॅटमध्ये वाढलेली, तिला काय या धुळीत झोपवणार? प्रज्वल तर खूशच होता. अंबरनाथला कंपनीत दिवसभर मशीनपाशी उभा राहून येणारा पोरगा, मोबाइलमध्ये खोलीचे फोटो दाखवत म्हणाला, “आई, फुल सेट होणार रूम. टेन्शन नको घेऊ.” तिनं टेन्शन घेतलं नाही, भात वाढला. यात वाईट काय आहे? धूळ बंद होईल, आवाज कमी होईल, पोराला खोली होईल. हिरामणचं म्हणणं बरोबर, प्रज्वलचं बरोबर, अजून घरात न आलेल्या किर्तीचंही बरोबर. सगळ्यांचंच बरोबर असलं की माणसानं भांडावं तरी कुणाशी? रस्त्याशी? त्याला ना कान ना तोंड. रात्रभर ट्रक जातात, फडताळातली भांडी किणकिणतात, आणि ती अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडून राहते... रागानं. पण तो राग बाहेर जाऊन रस्त्याच्या भिंतीवर आपटतो आणि परत येतो, परत येऊन तिच्याच छातीवर बसतो.

खरवईच्या पुढची ही त्यांची आळी. सात घरं एका ओळीत, पुढून एकमेकांना खेटलेली, पुढं डांबरी गल्ली. आणि मागं — मागं काय होतं ते आता सांगायचं तरी कसं? मागं शेवगे होते, धुण्याचा दगड होता, कुणाची केळ, कुणाचं चुलवण. सातही घरांची मागची दारं त्या एकाच पट्ट्यात उघडायची. पट्टा कुणाच्याच नावावर नव्हता. पुरुष तिकडं फिरकायचे नाहीत. त्यांचं पुढं, ओट्यावर. रस्त्याचे मोजणीवाले आले तेव्हा ती चहा घेऊन पुढं आली होती. त्यांनी विचारलं, घराच्या मागं काय आहे? हिरामण म्हणाला, “मागं काय नाय, मोकळंच हाय.” तो काही खोटं बोलला नाही. त्याच्या मते तिथं काहीच नव्हतं. त्यानं आयुष्यात कधी तिथं पाट टाकून बसून पाहिलं होतं थोडंच!

शेतं गेली त्यावर गाव बोललं, रडलं, भांडलं, बैठका झाल्या. मागच्या पट्ट्यावर कोण बोलणार? घरं शाबूत राहिली म्हणून उलट सगळ्यांनी देवाला नारळ फोडले. आणि मग एक दिवस रस्त्याचा भराव आला, भरावाला टेकून काँक्रीटची भिंत आली, दोन पुरुष उंच, आणि दारं उघडली की समोर ती. मध्ये दीड हात सांदड उरली. राडारोडा, सळ्यांचे तुकडे, सिमेंटच्या गोण्यांची फडकी. पहिल्या पावसाळ्यात तिथं पाणी तुंबलं, साप निघाला, तेव्हापासून दारं लागली ती लागलीच.

जायचं तर पुढून जा की. कोण अडवतंय? — तिनं स्वतःलाच किती वेळा सुनावलं होतं. पण पुढून जायचं म्हणजे लुगडं नीट करा, पदर घ्या, केस बांधा. शेतं गेल्यापासून पुरुष सगळे ओट्यावरच, खुर्च्या टाकून, मोबाइलमध्ये डोकी घालून. बाई उंबऱ्याबाहेर पडली की मात्र सगळ्यांच्या माना वर. कुठं निघालीस? दळणाला? बाजाराला? कुणाची वाईट नजर नसते, साधीच चौकशी असते, पण चौकशी आली की कारण लागतं. आणि पुतळाकडं जायला कारण काय सांगणार? जीव घाबरा झालाय हे काय कारण झालं? मग एखादा दिवस जायचं राहतं, मग दोन, मग महिना. तीन घरं सोडून पुतळा. हाक मारली तर ओ येईल इतकी जवळ.

आणि तिचं ऑपरेशन झालेलं मला कळलं कधी? — बारा दिवसांनी. तेही प्रज्वल ताटावर बसल्या बसल्या म्हणाला म्हणून, “पुतळाकाकूंचं ऑपरेशन झालं ना? सोनूचं स्टेटस होतं मागं.” पुतळाच्या पोरानं उल्हासनगरच्या दवाखान्यातनं मोबाइलवर टाकलं, आईसाठी प्रार्थना करा, गावानं हात जोडले, अंगठे दाखवले, आणि तीन घरांवरची जना इथं भाकऱ्या थापत होती. त्या रात्री तिला इतकी शरम वाटली की घास गिळवेना.

दुसऱ्या दिवशी ती गेली. पुढून. चापूनचोपून नेसून, पिशवीत मोसंबी घेऊन, परक्या गावची पाहुणी जावी तशी. पुढच्या खोलीत टीव्ही चालू होता. पुतळाचा नवरा दौलत होता, त्याचा भाऊ होता, सोनू होता. पुतळाला आतून आणून खुर्चीवर बसवली. डोक्यावरून पदर. तोंड एवढंसं झालेलं. सून प्रीती चांगली पोर, लगबगीनं चहा घेऊन आली, कपबशीतून, आणि बशीत बिस्किटं मांडून. बिस्किटं! पुतळाच्या घरी मला बिस्किटं... जिच्या तव्यावरची भाकरी मी हातानं मोडून खाल्ली, तिच्या घरी मी बशी मांडीवर धरून बसले. काय विचारणार त्या तीन पुरुषमाणसांत? बरं आहे ना, म्हटलं. ती म्हणाली, बरं आहे. पथ्यपाणी नीट कर, म्हटलं. ती म्हणाली, करते. दौलत म्हणाला, आता काय काळजी नाय, मुळापासनं काढलंय. पुतळानं एकदाच वर बघितलं आणि लगेच खाली. तेवढंच. त्या बघण्यात काहीतरी होतं आणि ते कपबशीसकट तसंच राहून गेलं. घरी येईपर्यंत जनाबाईचे डोळे चुरचुरत होते.

तिनं परात बाजूला सारली. वालाचं बिरडं चुलीला लावलं, म्हणजे गॅसला. तोंडात अजून चूलच येते. खोबरं, कोथिंबीर, आमसुलं... एका वाटीत काढलं. हिरामण गवंड्याला आणायला बाहेर पडला होता. ती मागच्या दारापाशी आली आणि कडी ओढली. कडी निघेना. मग तिनं बत्त्यानं ठोकली, दात खाऊन, मनातल्या मनात कुणाकुणाला शिव्या देत, आणि दार करकरत उघडलं.

काँक्रीटचा तो गार, आंबूस वास. ती आडवी होऊन सांदडीत शिरली, पोट आत घेऊन, एक हात भिंतीला, एका हातात वाटी. वर कुठंतरी गाड्या सुसाट जात होत्या. भिंत हाताला थरथरत होती. पायाखाली काचा, गोण्या, मेलेली घूस. पदर सळईत अडकला, तिनं ओढला, टरकन फाटला. फाटू दे. पहिलं घर, त्याचं दार बंद. दुसरं, त्याच्यावर कोळिष्टकं. तिसरं... आणि मग पुतळाचं.

दार नव्हतंच. विटा होत्या. नव्या, लाल, मधला माल अजून काळसर, गिलावासुद्धा केला नव्हता — कोण बघणार मागून! चौकटीच्या जागी नुसता आकार कळत होता. जनाबाईनं हात ठेवून पाहिला, उगीच, विटा खऱ्याच आहेत की काय म्हणून. मग तिला हसूही आलं आणि रडूही. एवढी मरमर करून आले ती कशाला, या विटांना बिरडं भरवायला?

वर, हात पोचेल न पोचेल अशा उंचीवर, मोरीची जाळी होती. आत नळ वाहत होता.

“पुतळे,” तिनं हळूच हाक मारली. मग जरा मोठ्यानं.

नळ बंद झाला.

“कोन हाय?”

“मी. जना.”

“जनी? कुठनं बोलतंस?”

“मागनं.”

आत पाट सरकल्याचा आवाज आला. मग जाळीच्या अगदी जवळ श्वास ऐकू आला. पुतळा बहुधा पाटावर चढून उभी राहिली होती. चेहरा दिसत नव्हता, जाळीमागं नुसता अंधार हलला. जनाबाईनं वाटी वर धरून दाखवली; ती जाळीतून आत जाणार नव्हती, हे दोघींनाही कळलं. आणि मग पुतळा रडायला लागली. आवाज न करता, पण जनाबाईला ते रडणं ठाऊक होतं. तिनं तिला रडू दिलं.

“पिशवी काढली माझी,” पुतळा म्हणाली. “डाक्टरनं ह्यांना विचारलं, सोनूला विचारलं. ह्यांनी सही केली. मी तिथंच होती ना गं, खाटेवर, जागी. मला कोनी विचारलंच नाय.”

“दुखतं अजून?”

“दुखत नाय. राग येतो. कोनावर येतो ते कळत नाय. सगळी एवढं करतात माझं...” ती थांबली. “मी दवाखान्यात असताना ह्यांनी दार बुजवलं. घरी आली तर हितं भिंत. तुझं हाय ना अजून?”

“हाय,” जनाबाई म्हणाली.

“मंग ये अशीच,” पुतळा म्हणाली. आतून प्रीतीची हाक आली तशी ती पाटावरून उतरली. नळ पुन्हा सुरू झाला.

परतताना जनाबाईला अंग चोरावंसं वाटलं नाही. खांदा खरचटला, कोपर सोललं. आपण हाय म्हणालो... आहेच की, खोटं कुठं बोललो? अजून आहे. मनात ती कधी पुतळाशी बोलत होती, कधी दौलतशी, कधी त्या न पाहिलेल्या डॉक्टरशी. आणि बोलता बोलता एकदम तिच्या ध्यानात आलं की ती भिंतीशी बोलत नाहीये. रोज रात्री ज्या रस्त्याला शिव्या घालायच्या तो डोक्यावरून चालला होता आणि त्याची तिला आठवणसुद्धा झाली नव्हती.

दारात पोचली तर पडवीत विटा रचून झाल्या होत्या. गवंडी माल कालवत होता. हिरामण चहाचा ग्लास हातात घेऊन उभा. तिच्याकडं बघून त्याचे डोळेच मोठे झाले — केसांत सिमेंट, पदर फाटका, हातात बिरड्याची वाटी.

“आत ये,” तो म्हणाला. “सुरू करायचंय त्याला.”

ती आत आली नाही. उंबऱ्यावर बसली. ठरवून नव्हे, पाय दुखत होते. वाटी बाजूला ठेवली.

“अगं ऊठ. मानूस खोळंबलाय.”

“मला विचारलंत?” ती म्हणाली.

“काय?”

“दार बुजवायचं. मला विचारलंत का?”

हिरामण खरोखरच गोंधळला. चिडलासुद्धा नाही. तीस वर्षांत तिनं त्याला हे असं कधी विचारलं नव्हतं. त्याला वाटलं, उन्हानं काहीतरी झालंय. “त्यात काय विचारायचं?” तो म्हणाला, अगदी मनापासून. तिनं तो चेहरा पाहिला. माणूस वाईट नाही. आजारपणात तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला माणूस. भिंतीवर राग धरणं किती सोपं होतं! भिंतीला चेहरा नव्हता, ती चहाचा ग्लास घेऊन समोर उभी राहत नव्हती. आता राग घरात आला, तिच्या माणसापाशी येऊन उभा राहिला, आणि तिला तो परत बाहेर घालवता येईना.

“शेठ, माल सुकंल,” गवंडी म्हणाला.

विचारलं असतं तर आपण काय म्हटलं असतं? — हो म्हटलं असतं. नक्कीच. प्रज्वलच्या खोलीसाठी, येणाऱ्या पोरीसाठी, घरात वाद नको म्हणून हो म्हणून मोकळी झाली असती ती, आणि आत जाऊन भांडी घासली असती. तिला हे इतकं स्वच्छ दिसलं की क्षणभर उठावंसंही वाटलं. पण ती उठली नाही. हिरामणकडं बघत राहिली. अजून वेळ गेली नव्हती. ‘बुजवू का?’ एवढे दोनच शब्द होते, त्याला ते आत्तासुद्धा म्हणता आले असते. त्यानं ग्लास दुसऱ्या हातात घेतला, गवंड्याकडं बघितलं, पुन्हा तिच्याकडं. आणि त्यानं विचारलंच तर या वेळी आपल्या तोंडून काय निघेल, ते जनाबाईला सांगता येत नव्हतं. आणि त्याची तिला भीती वाटत नव्हती.