दुसरा माणूस

ओरेस्टने झोळीची शेवटची पट्टी माणूस उचलायच्या यंत्राच्या आकड्यात अडकवली, ओढून पाहिली, आणि उजव्या हाताचं बोट वर करून हवेत गोल फिरवलं. उचला, अशी ती खूण. सगळी उमर ट्रान्सकोनाच्या रेल्वे कारखान्यात क्रेनखाली उभं राहून त्याने हीच खूण केली होती.

“चला. इंजिन तयार आहे.”

पलंगावर झोळीत बसलेल्या स्टेफ्काने डोळे फिरवले. पक्षाघाताने तिची वाचा आणि उजवी बाजू नेली होती, पण नवऱ्याच्या विनोदांचा कंटाळा तिच्याजवळ शाबूत होता.

“लोलो, बायकोला इंजिन म्हणता?” ग्लेंडा म्हणाली. म्हाताऱ्या पुरुषांना ती सरसकट लोलो म्हणायची. फिलिपिन्समध्ये आजोबांना तशीच हाक मारतात. “मी असते तर जेवायला वाढलं नसतं.”

“हिनेही नाही वाढलं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी. तेव्हापासून आमच्याकडे पिरोगी मीच करतो.”

स्टेफ्काच्या तोंडाची डावी बाजू किंचित हलली. ग्लेंडाने रिमोट हातात घेतला.

नियम साधा होता. यंत्रावर दोन माणसं हवीत आणि दोन्ही शुश्रूषागृहाच्या नोकरीतली. एकाने रिमोट धरायचा, दुसऱ्याने माणसाला. पण सकाळच्या वेळी या बाजूच्या सगळ्या खोल्यांना मिळून दोनच मदतनीस असायचे, ग्लेंडा आणि जोमार. जोमार मोकळा होईपर्यंत स्टेफ्का ओल्या कपड्यात पडून राहायची. आणि खोलीत तर ओझ्यांबद्दल इमारतीतल्या कुणाहीपेक्षा जास्त कळणारा माणूस उभा असायचा. मागच्या हिवाळ्यात एकदा ग्लेंडाने त्याला पाय धरायला सांगितले. पुढे ती रोजची रीत झाली. सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी त्याबद्दल बोलत नसे.

ग्लेंडाने बटण दाबलं. दांडा घरघरत वर गेला आणि स्टेफ्का गादीपासून सुटली. ओरेस्टने तिचे पाय अलगद वळवले. आता यंत्र मागे ओढायचं आणि खुर्चीकडे न्यायचं. ग्लेंडाने ओढलं. यंत्र हललं नाही. गालिच्याची कड आडवी आली असेल, असं वाटून तिने जोर लावला.

यंत्राचा खांब तिच्या अंगावर कलला. पुढचं एक चाक जमिनीवरून उचललं गेलं, झोळी हेलकावली आणि स्टेफ्काचं कोपर पलंगाच्या कठड्यावर आदळलं. तिच्या घशातून एक आवाज आला, शब्द नसलेला. ग्लेंडाने खांद्याने खांब पुढे रेटला आणि अंगठा खालच्या बटणावर दाबून धरला.

“थांबव!” ओरेस्ट ओरडला. मूठ आवळून त्याने हात वर केला होता. “स्टॅन, थांबव! खाली घे!”

क्रेनवाला वर बसलेला असावा तसा तो छताकडे पाहत होता. वर फक्त ट्यूबलाइट होती.

स्टेफ्का गादीवर टेकली. ग्लेंडाने वाकून पाहिलं. मागच्या दोन्ही चाकांचे ब्रेक दाबलेले होते.

“ब्रेक कुणी लावले?”

“मी.” ओरेस्टला प्रश्नाचंच आश्चर्य वाटलं. “ओझं हवेत असताना चाकं मोकळी ठेवतात का, पोरी? माणूस मरेल एखादा.”

हिवाळ्यात तिने त्याला उलटं शिकवलं होतं. माणूस टांगलेला असताना या यंत्राची चाकं मोकळी हवीत, म्हणजे भार जिकडे जाईल तिकडे यंत्र स्वतः सरकतं आणि तोल सावरतं. चाकं बांधली तर कलंडतं. त्याला ते इतकं पटलं होतं की रुमालाला कपबशी बांधून त्याने जोमारलाही समजावलं होतं. तेव्हापासून रोज, झोळी लावण्याआधी, तो पायाने चाकं हलवून बघायचा.

आज त्याने ती पाहिली होती, आणि बांधली होती.

ग्लेंडाने बेल दाबली आणि जोमार येईपर्यंत यंत्राला हात लावला नाही. दोघांनी मिळून स्टेफ्काला खुर्चीत बसवलं. ओरेस्ट खिडकीशी उभा राहून पार्किंगमधल्या आपल्या ट्रककडे बघत होता. जोमारने नजरेने विचारलं, काय झालं? ग्लेंडाने मान हलवली.

कोपर नुसतं लाल झालं होतं. स्टेफ्काला रक्त पातळ राहण्याच्या गोळ्या चालू होत्या. हे पॉलेटला, या बाजूच्या मुख्य नर्सला, लगेच सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर पॉलेटने विचारलं असतं की दुसरा माणूस कोण होता. मग नोकरीचा प्रश्न. मग म्हाताऱ्याला सकाळी खोलीत येऊ द्यायचं का, हा प्रश्न. मग कुणीतरी त्याच्या मुलीला फोन केला असता, आणि तिने सगळ्यात आधी ट्रकची किल्ली मागितली असती. किल्ली गेली म्हणजे रोजचं येणं गेलं.

ग्लेंडाने कपाट उघडलं. अर्ध्या बाह्यांचा ब्लाउज बाजूला सारला आणि लांब बाह्यांचा स्वेटर काढला. घालताना तिने स्टेफ्काच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बसमध्ये मनातल्या मनात एकच वाक्य घोळवत होती: ब्रेक लोलोंनी लावले, पण यंत्राला हात लावायला त्यांना मीच सांगत होते. विनिपेगच्या रस्त्यांवर बर्फाचं पाणी साचलं होतं. रात्रभरात तिने ठरवलं होतं की पॉलेटला भेटून आधी हे बोलायचं आणि मगच कोट काढायचा.

पण कॉरिडॉरमध्येच तिला ओरेस्टचा आवाज ऐकू आला.

“माझी बायको काय बटाट्याचं पोतं आहे?”

तो पलंगाशी उभा होता. स्टेफ्काची बाही त्याने वर सारली होती. कोपरापासून दंडापर्यंत काळंजांभळं झालं होतं. पॉलेट दारात होती. ग्लेंडा तिच्या मागे येऊन थांबली.

“कुणी उचललं हिला काल? नाव सांगा. मी वरपर्यंत जाईन. हिला बोलता येत नाही म्हणून काहीही कराल?”

पॉलेटने डोक्यावरचा चष्मा काढून हातात घेतला.

“ओरेस्ट, काल सकाळी तुम्ही इथेच होतात ना?”

“काल?” तो चिडून हसला. “काल रविवार होता, बाई. चर्चमधून परस्पर मुलीकडे जेवायला गेलो मी. काल मी आलोच नाही. नेमका नव्हतो तेव्हाच हे झालं.”

काल सोमवार होता. पॉलेटने मान वळवून ग्लेंडाकडे पाहिलं आणि मग पुन्हा त्याच्याकडे. त्याच्या शर्टाची कॉलर इस्त्रीची होती, पण बटणं एक घर चुकून लावलेली.

“मी उचललं,” ग्लेंडा म्हणाली.

“तू?” त्याला ते खरंच वाटेना. “आणि दुसरा माणूस? दोन लागतात. मला माहीत आहे, दोन लागतात.”

ग्लेंडाने आता स्टेफ्काकडे पाहिलं. स्टेफ्का तिच्याकडेच बघत होती, अगदी सरळ, पापणी न हलवता.

“दुसरं कुणी नव्हतं, लोलो. मी एकटीच होते.”

पॉलेटने स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. बोलली तेव्हा तिचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता.

“आजपासून या खोलीत आपली दोन माणसं. फक्त आपली. वेळ लागला तर लागू दे. मी डॉक्टरांना हात दाखवते. आणि ग्लेंडा, ड्यूटी संपली की माझ्याकडे ये.”

“येते.”

पॉलेट गेली. ग्लेंडाने बेल दाबली आणि यंत्रापासून दोन पावलं दूर उभी राहिली. लांबच्या खोलीतून जोमारचा आवाज आला, “आलो गं, आलो, हात भरलेत!”

ओरेस्ट पलंगाच्या कडेवर बसला. राग ओसरून गेल्यावर तो एकदम लहान दिसत होता. मग तो नव्या कामगाराला सांगावं तसं तिला सांगू लागला.

“एकट्याने ओझं उचलायचं नसतं, पोरी. आमच्या कारखान्यात असतीस तर फाटकातूनच परत पाठवलं असतं तुला.”

“हो, लोलो.”

“तू चांगली आहेस, म्हणून मी वरपर्यंत जात नाही. पण परत असं नाही. कळलं?”

“कळलं.”

“कुणी नसेल तर मला हाक मारायची. मी असतोच की इथे.” तो गुडघ्यांवर हात टेकून उठू लागला. “चल. तो पोरगा येईपर्यंत आपण दोघं...”

त्याला उठता आलं नाही. स्टेफ्काच्या डाव्या हाताने त्याच्या स्वेटरची कड धरली होती. बोटांची पेरं पांढरी पडली होती. त्याने त्या हाताकडे पाहिलं, मग तिच्या चेहऱ्याकडे, आणि हळूच पुन्हा खाली बसला. एका हाताने त्याने पांघरूण तिच्या खांद्यापर्यंत ओढून घेतलं.

“थंडी वाजतेय हिला,” तो म्हणाला. “बघ गं, खिडकी उघडी राहिलीय का.”

ग्लेंडा खिडकीपाशी गेली. खिडकी बंदच होती. तिने कडी पुन्हा एकदा दाबून पाहिली आणि पाठमोरीच उभी राहिली.