गाझान खानाच्या नाण्याची पाठ

"मागली बाजू साफ घास, आरशासारखी," नावेदसाहेब म्हणाले. "तिथं नातवाचं नाव कोर. गळ्यात घालायचंय त्याच्या."

खिजरने चांदीचे नाणे चिमट्यात धरून दिव्याखाली नेले. बहरीनच्या जुन्या बाजारात, बाब अल बहरीनच्या गल्लीत हमीदभाईंच्या सराफी दुकानात तो कारागीर होता. नाण्याच्या एका अंगाला अल्लाचे नाव घेणारा कलमा होता, दुसऱ्या अंगाला उभ्या, गाठाळ रेघा.

"ह्या रेघा कसल्या, साहेब?"

"मंगोल लिपी. गाझान खान मुसलमान होऊन इराणच्या तख्तावर बसला आणि नाण्यावर आज्यापणज्यांच्या आकाशदेवाचं नावही ठेवून बसला. मला वाचता येतं ते. म्हणूनच नको."

नावेदसाहेबांनी इतिहासात पदव्या मिळवल्या होत्या. सात शतके अडाण्यांच्या हातून निभावलेले नाणे अखेर सुशिक्षिताच्या हाती लागले होते. जमातीच्या बैठकांत निर्भेळ धर्म समजावण्याचे कामही त्यांच्याकडेच होते. लग्नात बांधायचे काळे मणी हा हिंदूंचा चाळा, हे त्यांच्याच तोंडून ऐकून खिजरने रत्नागिरीला बायकोला, जुबैदाला, फोन केला होता: गळ्यातले काढ, टाकून दे.

घासताना नाणे घट्ट धरून ठेवायची लाख आचेवर तापून मऊ झाली.

"साहेब, पाठ घासायची तर कलमा उपडा करून गरम लाखेत दाबायला लागंल."

नावेदसाहेबांची पापणीही लवली नाही. "मग दाब."

खिजरने दाबले. उभ्या रेघा वर आल्या. घासायचे चाक फिरू लागले. त्याने हात पुढे नेला आणि तिथेच थांबवला.

"माज्याच्यान नाय होनार."

"खिजर," हमीदभाई हलकेच म्हणाले, "तुझा व्हिसा पुढल्या महिन्यात संपतोय. यल्ला, आटप."

"दुसरा बघा, भाई."

"मग खलास. उद्यापासून येऊ नकोस."

खिजरने चाक बंद केले, आच विझवली आणि आपला चिमटा पुसून खिशात घातला. लाख गार होऊन दगडासारखी झाली होती. नावेदसाहेब नखाने नाण्याची कड उचकटू पाहत होते. गाझान खानाची अक्षरे वर तोंड करून बसली होती.

गल्लीच्या तोंडाशी त्याने व्हिडिओ कॉल लावला. जुबैदा डोक्यावरून, गळ्यावरून ओढणी घेऊन समोर आली.

"नोकरी गेली," तो म्हणाला. "ते मनी... टाकलंस?"

तिने ओढणी गळ्यावरून सरकवली. काळे मणी तिथेच होते.

"तुमचा फोन आला की झाकते," ती म्हणाली.