उसनं लंगडणं

जिन्यात बायकोच्या चपलांचा आवाज आला की तो लंगडायला लागायचा.

दिवसभर घरात तो धडधाकट माणसासारखा चालायचा. ओट्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत, लेकीच्या तीनचाकीमागून तिला हव्या तेवढ्या फेऱ्या. ती गाणं म्हणायला लागली तर दोन पावलं नाचायचासुद्धा. पण खाली तो चटक-चटक आवाज उमटला, की हात आपोआप कमरेवर जायचा, डावा पाय मागं रेंगाळायचा आणि चेहऱ्यावर एक सोशिक कळा यायची. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर चपलांचा आवाज थांबायचा. ती पिठाची पिशवी टेकवून दम खाते, हे त्याला माहीत होतं. तेवढ्या वेळात तो खुर्ची गाठायचा.

"आज कसं आहे?" दारातच ती विचारायची. एका खांद्याला पर्स, दोन्ही हातांत पिशव्या, केसांना दुसऱ्यांच्या केसांच्या रंगाचा वास. पार्लरमध्ये दिवसभर उभी राहून आलेली असायची.

"आहे तसंच."

"पाय?"

"पायच तर."

मग ती पिशव्या आत नेऊन ठेवायची, बादली भरायची, गादी झटकायची, आणि तो मान खाली घालून लेकीच्या ठोकळ्यांचा मनोरा रचत बसायचा.

सामान हलवणाऱ्या कंपनीत त्याला सगळे क्रेन म्हणायचे. लोकांची घरं या इमारतीतून त्या इमारतीत न्यायची, हे काम. कपाट असो, फ्रीज असो, जिना कितीही अरुंद असो, खालची बाजू क्रेनची. वजन सगळं खालच्याच अंगावर येतं. वरच्या बाजूला त्याचा मेहुणा असायचा, बायकोचा धाकटा भाऊ. अंगानं काडी, पण तोंडानं दोन माणसांचा.

आणि असा हा क्रेन मोडला कशानं, तर शिंकेनं. सकाळी तोंड धुवायला बेसिनवर वाकला होता, सटकन शिंक आली, आणि कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत कुणीतरी विजेची तार ओढल्यासारखं झालं. तो तिथंच फरशीवर बसला. लेकीला वाटलं, बाबा खेळतोय. ती शेजारी येऊन बसली.

"भाऊजी, निदान अंगावर कपाट पडलं असं तरी सांगा," मेहुणा म्हणाला होता. "शिंकेनं आडवा झालेला माणूस म्हटल्यावर कोण सामान देईल आपल्याकडं?"

औषधं झाली, विश्रांती झाली, व्यायाम झाले. चालताना डावा पंजा लोंबायला लागला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी स्कॅनचा काळा कागद उजेडात धरला. "दोन मणक्यांच्या मधे गादी असते. तुमच्या गादीचं कवच फाटून आतला गर बाहेर आलाय आणि तो पायाच्या नसेवर बसलाय. तेवढा गर आपण काढायचा. पंजा लोंबतोय म्हणजे नस दबली आहे. आता थांबण्यात अर्थ नाही."

ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर त्यानं आधी पाय चाचपला. कळ नव्हती. इतके दिवस मांडीत मुक्कामाला आलेली ती कळ न सांगता निघून गेली होती. जखम दुखत होती, अंगठा बधिर होता, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जखम काही आठवडे दुखेल, बधिरपणाला महिनेही लागतील, नस हळूहळू जागी होते. त्याच संध्याकाळी त्यांनी त्याला उभं करून चार पावलं चालवलंसुद्धा. कूस बदलायची तर ओंडक्यासारखी, सगळं अंग एकदम. वाकायचं नाही, पिळायचं नाही, उचलायचं नाही, फार वेळ बसायचं नाही. चालायचं मात्र रोज, थोडं थोडं वाढवत.

दुसऱ्या दिवशी संडासात बायकोला बरोबर जावं लागलं. जो माणूस पाठीवर फ्रीज घेऊन मजले चढायचा, त्याची चड्डी तिनं वर ओढली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"लाजताय कुणाला?" ती म्हणाली. "लेक काय शेजाऱ्यांनी आणून दिली आपल्याकडं?"

तो हसला आणि टाके दुखले. तिथपर्यंत सगळं खरं होतं.

खोटं बादलीपासून सुरू झालं. महिना-दीड महिना सरल्यावर व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणाली, आता हलकं हलकं उचलायला लागा, गुडघ्यात वाकून, वस्तू पोटाशी धरून. घरी येऊन त्यानं अर्धी बादली उचलली. पाठीत काहीतरी कट्‌ वाजलं. झालं काहीच नाही. कळ नाही, मुंग्या नाहीत. पण त्याची पाचावर धारण बसली. बादली खाली ठेवली आणि तो भिंतीला टेकून घाम पुसत राहिला.

त्यांच्या धंद्यात एक रीत होती. सामान बांधताना एखाद्या वस्तूला तडा दिसला, तर तिच्यावर खडूनं फुली मारायची आणि मालकाला आधीच सांगून टाकायचं, हिची हमी नाही. फुली मारलेल्या वस्तूवर कुणी वजन टाकत नाही. तिला कोपऱ्यात वेगळं ठेवतात. आयुष्यभर तो वस्तूंबद्दल असा विचार करत आला होता. त्या दिवशी भिंतीला टेकल्या टेकल्या त्यानं तसाच स्वतःबद्दल केला. आपल्या पाठीवर फुली आहे. पुन्हा ती कळ आली तर? पुन्हा ते फरशीवर बसणं, पुन्हा ते संडासातलं?

संध्याकाळी बायकोनं त्याचा उतरलेला चेहरा पाहिला. "काय झालं? पायात कळ आली का परत?"

"बादलीची भीती वाटते" असं सांगायला तोंड उघडेना. क्रेन कसा म्हणणार ते?

"हो," तो म्हणाला.

बस, एवढंच. पण पायात कळ आहे म्हटल्यावर पाय ओढावा लागला, आणि आज ओढला म्हणून उद्याही ओढावा लागला. मेहुणा फोन करायचा, "भाऊजी, कधी येताय? तुमच्या जागी जो दिलाय ना, तो फ्रीजला मिठी मारतो आणि देवाचं नाव घेतो." तो म्हणायचा, बघू. फोन ठेवला की खिडकीत जायचा. खाली बायको गॅसची टाकी तिरकी करून फिरवत फिरवत फाटकातून आत आणताना दिसायची. तो खिडकीतून मागं सरकायचा, तिनं वर पाहू नये म्हणून. तिनं कधी पाहिलं नाही. तिला तेवढी सवड नसायची.

लेक आता साडेतीन वर्षांची. ऑपरेशन झालं तेव्हा सगळ्यांनी तिला बजावलं होतं, बाबाला 'उचलून घे' म्हणायचं नाही. सुरुवातीला ती हात वर करायची आणि मग आठवून स्वतःच खाली घ्यायची. हळूहळू तिनं हात वर करणंच सोडलं. झोप आली की ती त्याच्या पायाशी येऊन त्याच्या पावलावर डोकं ठेवायची, नेमकी त्या बधिर अंगठ्यापाशी. तिच्या गालाची ऊब त्याला अर्धीच कळायची.

आणि मग एके दिवशी लेकही लंगडायला लागली.

बायकोनंच पाहिलं. दार उघडून ती आत आली, लेक धावत सुटली, आणि दोन पावलांवर एकदम थांबून, एक हात कमरेवर ठेवून, डावा पाय ओढत ओढत आईपर्यंत आली.

"अगं, काय झालं पायाला? पडली का ही?"

"नाही," तो म्हणाला. त्याला त्याच क्षणी कळलं होतं.

"दुखतंय का गं?"

लेकीनं बाबाकडं पाहिलं, मग आईकडं, आणि मान डोलावली.

दुसऱ्या संध्याकाळी तेच, तिसऱ्या संध्याकाळीही. बायकोनं तेल चोळलं, नखं पाहिली, तळव्यात काटा शोधला. लेकीला जिन्यावरून चालवायचं तिनं बंद केलं. सकाळी पर्स, डबा आणि कडेवर एवढी मोठी पोर घेऊन ती उतरायला लागली, बालवाडीत सोडायला. चपलांचा आवाज आता जास्त वेळा थांबायचा. वर तो दारामागं उभा राहून ऐकायचा. दार उघडायचं, दोन शब्द बोलायचे, झालं असतं. पण प्रत्येक दिवशी ते दोन शब्द आदल्या दिवसापेक्षा जड झालेले असायचे.

"मी वेळ घेतलीय डॉक्टरीणबाईंची," एका रात्री जेवताना ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "तुमचं परत स्कॅन करू दे. परत कापावं लागलं तर कापू. आणि हिचाही पाय दाखवू. घराण्यातच असलं काही असेल का हो?"

तो ताटात बोट फिरवत राहिला.

तपासणीच्या खोलीत डॉक्टरीणबाईंनी त्याला आडवं करून पाय वर उचलला, पंजा वर-खाली करायला लावला, गुडघ्यावर हातोडी मारली, टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं. त्यांच्या कपाळावर आठी आली. "ताकद चांगली आहे. पंजाही सावरलाय. मग कळ नेमकी कुठून कुठपर्यंत जाते, दाखवा बरं?"

त्यानं मांडीवर बोट ठेवलं आणि ते बोट पुढं सरकेना.

"पुन्हा ऑपरेशन करावं लागेल का?" बायकोनं विचारलं.

"पुन्हा गर बाहेर येऊ शकतो, थोड्या लोकांना येतो. स्कॅन करून पाहू." त्यांनी कागद पुढं ओढला. "आणि ही छोटी बाई कोण? हिला काय झालंय?"

"तीही लंगडते. चालून दाखव गं डॉक्टरकाकूंना."

लेक टुणकन खाली उतरली. एक हात कमरेवर, डावा पाय मागं, आणि तोंडावर ती सोशिक कळा. हुबेहूब. खुर्चीपासून दारापर्यंत गेली आणि परत आली.

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "अशी का चालतेस गं तू?"

"आई आली की असंच चालायचं," लेक म्हणाली. शहाण्यासारखी, कुणी विचारलं आणि आपल्याला येत होतं म्हणून.

"काहीतरीच बोलते," बायको म्हणाली. तिनं लेकीला मांडीवर ओढून घेतलं. "डॉक्टर, हिचा फोटो काढायचा का पायाचा?"

अजूनही वाट होती. फोटो निघाला असता, काही निघालं नसतं, लेक विसरून गेली असती. त्यानं बायकोच्या हाताकडं पाहिलं. पिशव्यांच्या बंदांनी बोटांवर लाल घड्या पडल्या होत्या आणि त्याच बोटांनी ती लेकीचं पाऊल चोळत होती, न दुखणारं.

"तिला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "माझं बघून करते. आणि मलाही काही झालेलं नाही."

लेकीचं पाऊल चोळणारा बायकोचा हात थांबला.

"म्हणजे?" बायको म्हणाली.

"पाय दुखत नाही. ऑपरेशनपासून एकदाही दुखला नाही. पाठीत एकदा कट्‌ वाजलं, आणि मला भीती वाटली. तू विचारलंस पायात कळ आली का, मी हो म्हणालो. मग..."

डॉक्टरीणबाई रागावतील असं त्याला वाटलं होतं, आणि रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या मागं टेकल्या. "या ऑपरेशननंतर भीती पुष्कळांना वाटते. चांगले आडदांड लोक रुमाल उचलायला घाबरतात. तडा गेलेलं भांडं नव्हे ते, भरून येणारं अंग आहे. वापरलं नाही तर उलट आखडतं. पण हे मला सांगायचं असतं हो. मी आत्ता स्कॅन लिहीत होते." त्यांनी कागद बाजूला केला. "उद्यापासून पुन्हा व्यायामाला या. आधी रिकामी बादली, मग पाव, मग अर्धी. लेकीला आजच उचलायला जाऊ नका. पंधरा दिवसांनी मी सांगेन."

दवाखान्याच्या जिन्यापाशी आल्यावर बायकोनं लेकीला कडेवरून खाली ठेवलं.

"मी दुसऱ्या मजल्यावर पिशवी टेकवते," ती म्हणाली, "ते वर ऐकू येतं?"

"येतं."

"रोज?"

"रोज."

तिनं मान हलवली, कुणी पत्ता सांगितल्यावर हलवावी तशी. लग्न झाल्यापासून ती त्याला अहो-जाहो करायची. मेहुणा चिडवायचा त्यावरून. आता ती म्हणाली, "तू पुढं हो. चाल. मला बघू दे."

तो वाकला नाही, गुडघ्यात दुमडून लेकीसमोर बसला, शिकवलं होतं तसा. "चल गं. आपण नीट चालायचं आता."

"पण आई बघतेय ना," लेक कुजबुजली.

"बघू दे."

"मग तू मोडशील."

"नाही मोडत."

लेकीला ते फारसं पटलं नाही. तरी तिनं त्याचं बोट धरलं. दोघं जिना उतरले, मग रस्त्याला लागले. दुकानांच्या काचांत तो स्वतःला दिसत होता, ताठ पाठीचा, दोन्ही पाय सारखे टाकणारा मोठा माणूस. मागून चपलांचा आवाज येत होता, चटक-चटक, कुठंही न थांबता. त्याचं एकेक सरळ पाऊल त्याच्याविरुद्धच साक्ष देत होतं. गेल्या इतक्या आठवड्यांतलं एकेक ओझं त्यातून तिला दिसत असणार. लंगडावं, निदान थोडं तरी, असं त्याच्या पायालाच वाटायला लागलं. मागं वळून पाहायचं धाडस होईना.

लेक मधेच एक पाऊल ओढायची, मग आठवून सरळ टाकायची.

तो चालत राहिला.