अडलेला पोळा

पोळ्याच्या दिवशी आमच्या जबलपूरच्या रांझी भागातल्या क्वार्टरमध्ये तवा चढत नाही, हे लग्नानंतर कळलं तेव्हा मला हसू आलं होतं. चार पिढ्यांमागे नवऱ्याच्या कुळातला एक तरणा पोरगा पोळ्याला बैल धुताना नदीत बुडाला. तेव्हापासून सबंध कुळाचा सण अडला. पोळ्याच्याच दिवशी कुळात कुणी जन्मलं, तरच तो सुटणार.

"त्याचं नावही माहीत नाही, आणि तुम्ही सगळे वरणभातावर!" मी आल्हादला, माझ्या नवऱ्याला, चिडवायची. सासूबाईंना मात्र ते लागायचं. त्यांचं माहेर शेतकऱ्याचं. मरायच्या आत एकदा तरी पोळ्याला पुरण शिजवायचं, एवढीच त्यांची इच्छा.

डॉक्टरांनी मला पुढच्या आठवड्यातली तारीख दिली होती. पण पोळ्याच्या पहाटेच कळा सुरू झाल्या आणि दुपारच्या आत मुलगी झाली.

सासूबाईंनी तिला छातीशी धरलं, पण चेहरा उतरलेला. "पोरगाच लागते म्हणतात," त्या पुटपुटल्या. मी अशी भडकले की दुखणंच विसरले. "मग विचारा ना कुणाला तरी!"

कुळात सगळ्यांत थोरल्या राधाबाई. राहायच्या वर्ध्याकडच्या एका खेड्यात. आम्ही कुणीच त्यांना पाहिलेलं नव्हतं. आल्हादने फोन लावून स्पीकरवर टाकला.

"आजी, जबलपूरहून इंदू बोलून राहिली. आज नात झाली." सासूबाई फोनशी वाकून म्हणाल्या. "पोरगी आहे जी. चालते का?"

"काहून नाही चालत? इतकी वर्सं चुली कोणी बंद ठेवल्या वो? बायांनीच ना? मंग बाईच सोडवंन. थांब, फोन ठेवू नको."

मग त्यांची हाक लांबून ऐकू आली. "चुली पेटवा वो! पोळा सुटला! जबलपूरले पोरगी झाली!" धडाधड दारं उघडली. कुणी परात बडवत होतं, कुणी हुंदके देत होतं.

संध्याकाळपर्यंत आल्हादच्या मोबाइलवर फोटो येत राहिले. यवतमाळ, अकोला, पार सुरत. अनोळखी घरं, तव्यावर फुगलेली पुरणपोळी, आणि खाली विचारणा, बाळ कसं आहे? इतकी माणसं इतकी वर्षं हिची वाट बघत होती, आणि मला पत्ताच नव्हता.

सासूबाई घरून डबा घेऊन आल्या. पोळी एका बाजूने करपलेली.

"पहिली त्या बुडालेल्या पोराची काढून ठेवली," त्या म्हणाल्या.

"पण त्याचं तर नावही..."

"नाव तर तुह्या लेकीलेबी नाही अजून," त्या बाळाकडे बघत म्हणाल्या. "तरी ओळखलंच ना सगळ्यांनी?"