कुंकवाचं बोट

अमेरिकेत कुणाचं तरी बेसबॉलचं जुनं कार्ड कोट्यवधींना गेलं अशी बातमी आली, की राजापेठेत जुनी कार्डं जमवणाऱ्या ललितरावांचा फोन तापायचा. "काका, आमच्या आबाच्या पेटीत क्रिकेटचं कार्ड सापडलं, किती येतील?" फोटो उघडून बघावं तर बबलगमबरोबर मिळालेलं, कोपरे कुरतडलेलं. "ठेव बाबा आठवण म्हणून," असं सांगून सांगून ललितरावांची जीभ झिजली होती. लोक किंमत विचारतात, पण खरी किंमत कुणालाच ऐकायची नसते.

त्यांचा स्वतःचा जीव एकाच संचात अडकलेला. स्वातंत्र्याच्या आधी सिगारेटच्या पाकिटांतून क्रिकेटपटूंची रंगीत कार्डं निघत. पंचवीस कार्डांचा तो संच, त्यातली चोवीस ललितरावांकडे होती. उरलेलं एक, कुणा डावखुऱ्या गोलंदाजाचं, अकोल्याला खुशालरावांकडे. खुशालराव जिवलग दोस्त, पण कार्डाचा विषय निघाला की हसून म्हणायचे, "ललित्या, मी मेल्यावर." आणि आतल्या खोलीकडे तोंड करून बायकोला, जाईबाईंना, ओरडून सांगायचे, "याचा डोळा हाये आपल्या कार्डावर, सांभाळजो."

गेल्या वर्षी खुशालराव खरोखरच गेले. तेरवीला ललितरावांनी जाईबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, "वहिनी, ते कार्ड असंच कोणाले देऊ नका. दोन लाखाच्या खाली जात नाही ते. जपा." न सांगता चार-पाच हजारांत मागून नेता आलं असतं. तसा विचार त्या दिवशी जाताना मूर्तिजापूरपर्यंत त्यांच्या मनात होताही. पण जन्मभर परक्यांना खरा भाव सांगितला, तो मित्राच्या बायकोला काय खोटा सांगायचा!

वर्षश्राद्ध झालं, घरात सण पुन्हा सुरू झाले आणि यंदा दिवाळीनंतर जाईबाईंचा फोन आला. कार्ड विकायचं होतं. खुशालराव ज्या मैदानावर पंच म्हणून उन्हातान्हात उभे राहायचे, तिथल्या पोरांना त्यांच्या नावानं खेळपट्टीवर अंथरायची नवी मॅटिंग द्यायची होती. ललितरावांनी मुंबईचं एक गिऱ्हाईक ठरवलं, आधी एकदा नजरेखालून घालतो म्हणाले आणि एसटीत बसले. पाठ दुखत होती. हे शेवटचं, असं ते हल्ली दर खेपेला म्हणत.

जाईबाईंनी चहा दिला आणि कपाटातून रेशमी रुमालात गुंडाळलेलं कार्ड आणून उलगडलं. गोलंदाजाच्या टोपीवर, कपाळावर हळदीचं बोट आणि त्यावर कुंकवाचं.

"वहिनी, हे काय?"

"लक्ष्मीपूजनात ठेवलं होतं. तुमीच त सांगतलं, दोन लाखाचं हाये मनून. सोन्याच्या पोतीच्या बाजूले मांडलं. मंग तिले हळद-कुंकू आन याले नाई, असं कसं करू?"

जाईबाईंचं काय चुकलं? इतकी वर्षं ते बिस्किटाच्या डब्यात पडून होतं तेव्हा त्याला कुणी बोट लावलं नव्हतं. भाव कळला आणि ते देवापुढे जाऊन बसलं. ललितरावांना स्वतःच्याच तोंडाचा राग आला.

गरज नसताना त्यांनी भिंग काढलं. कुंकू कागदात पार मुरलं होतं.

"वीस हजार," ते म्हणाले. "फार तर पंचवीस. मुंबईवाला आता घेणार नाही."

"तेरवीले दोन लाख, आन आता वीस हजार?"

"डाग पडला ना, वहिनी."

"कुंकवाले डाग मन्ता?" जाईबाईंनी विचारलं. त्यांचं स्वतःचं कपाळ मोकळं होतं. ललितरावांना वर बघवेना.

मग त्या हळूच म्हणाल्या, "ते मनत होते, तुमचा डोळा हाये याच्यावर."

उठून चालतं व्हावं, असं ललितरावांना वाटलं. भांडायचीही ताकद नव्हती. चाळीस वर्षं या घरात जेवलो आणि शेवटी हे ऐकायचं. "दुसऱ्या कोणाले दाखवा, वहिनी. नागपूरले आहेत जाणकार."

"दाखवाचं कायले? डागच हाये ना?" असं म्हणत जाईबाईंनी पदराचं टोक पाण्याच्या पेल्यात बुडवलं.

"वहिनी, नका..." ते म्हणेपर्यंत पदर फिरलाही. हात धरावा तर मित्राची बायको. कुंकू निघालं. त्याच्याबरोबर टोपी निघाली, कपाळ निघालं, डोळे निघाले. नव्वद वर्षांचा कागद तो, लगदा होऊन पदराला लागला.

जाईबाईंनी कार्ड पाहिलं, मग पदर पाहिला.

"आता किती?"

"आता काही नाही, वहिनी."

त्या खाली बसल्या. "खरंच सांगत होते मंग तुमी," त्या म्हणाल्या. "पोराईची मॅटिंग माह्याच हातानं गेली." मग त्यांनी कार्ड पुढे केलं. "घेऊन जा हे. आता तुमाले कोनी नावं नाई ठेवणार."

राहू द्या, असं म्हणायला हवं होतं. दोन समजुतीचे शब्द बोलायला हवे होते. पण एवढं होऊनही तो बिनतोंडाचा गोलंदाज ललितरावांना हवा होता, आणि या हवेपणाची त्यांना तिथल्या तिथे लाज वाटली. लाज वाटत असतानाच त्यांनी दोन्ही हात पुढे केले.