गाण्यातली हजेरी

शाळेत हजेरी कशी घेतात हे का कुणाला सांगायला हवं? नाव पुकारायचं, पोरानं 'हजर' म्हणायचं, संपला विषय. पण गाण्याच्या बाईंची हजेरी म्हणजे वेगळंच प्रकरण होतं. त्या पियानोवर बोटं टेकवून गायच्या, "आलास का रे, आलास का?" आणि पोरगं त्याच चालीत उत्तर द्यायचं, "आलो बाई, आलो." कुणी बेसूर गायलं तरी चालायचं, कुणी रेकलं तरी चालायचं. निम्मा तास हजेरीतच जायचा, आणि शेजारच्या वर्गातले गणिताचे सर भिंतीवर डस्टर आपटून ओरडायचे, "अहो बाई, आमची बेरीज चुकतेय!"

चिऊ त्या वर्गात आली ती अशाच एका हजेरीला. चिऊ हे बाईंनी ठेवलेलं नाव. पोरांनी तिला 'ढकलगाडी' ठरवून टाकलं होतं, कारण तिचा शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथंच रुतून बसायचा. 'हजर'मधला ह निघता निघता तिची मान ताठ व्हायची, डोळे गच्च मिटायचे आणि वर्गात खसखस पिकायची. मग शिक्षक घाईघाईनं म्हणायचे, "असू दे, बस." वाईट नव्हतं हो त्यांच्यात कुणी, उलट कळवळाच यायचा त्यांना. पण पहिलीपासून तेच ऐकून ऐकून पोरीला वाटायला लागलं होतं की आपल्या वाट्याचं बोलणं एवढंच, उभं राहायचं आणि बसायचं. गाण्याच्या बाईंना त्या 'असू दे, बस'ची अशी चीड होती की शिक्षकांच्या खोलीत त्या एकदा भडकून म्हणाल्या होत्या, "माझ्या तोंडून हे कधी निघालं ना, तर जीभ हासडून टाकेन."

आणि काय सांगावं, पहिल्याच हजेरीला चिऊ गायली. "आले बाई, आले." एकही अक्षर अडलं नाही. वर्ग अवाक. सगळ्यात अवाक ती स्वतः. तिनं तोंडावर हात ठेवला, जणू आतून दुसरंच कुणी बोललं होतं.

त्यानंतर बाई हात धुऊन तिच्या मागे लागल्या. साध्या वाक्याला चाल लावायची, ती गायची, मग आवाज उतरवत उतरवत नुसतं बोलायचं, पण आत गाणं चालूच ठेवायचं आणि बोटानं मांडीवर ठेका धरायचा. अशी घोटलेली वाक्यं ती छान बोलायची. दुकानात जाऊन साबण मागून आली त्या दिवशी तिचे बाबा, बसचे ड्रायव्हर, गणवेशातच शाळेत आले आणि दारात नुसते उभे राहिले. पण न घोटलेलं वाक्य आलं की गाडी पुन्हा रुतायची. 'हजर' तर अजून जमतच नव्हतं. तो शब्दच तिचा वैरी होता. अजून खूप काम बाकी होतं, आणि ते दुसऱ्या कुणाला येत नव्हतं.

तेवढ्यात बातमी आली की नव्या सत्रापासून गाण्याचा तास बंद. गणितात शाळा मागे पडली होती, म्हणून त्या वेळेत सराव वर्ग घ्यायचे आणि गाण्याच्या खोलीत मधोमध प्लायवूड ठोकून तिच्या दोन खोल्या करायच्या. बाई तडक मोठ्या बाईंकडे गेल्या. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका, बोलायला गोड, पण हात वर करण्यात पटाईत. "माझ्या हातात काय आहे हो? समितीपुढे बोला," त्या म्हणाल्या. समितीचे अध्यक्ष फोनवर हसले. "बाई, गाणं चांगलंच आहे. पण गाणं शिकून कुणाला बोलता आलंय का? गणित शिकून निदान हिशेब तरी येतो."

घ्या! बोलता आलंय का म्हणे. बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यांनी ठरवलं, चिऊलाच समितीपुढे उभं करायचं. गायला नाही, बोलायला. बैठकीचा दिवस येईपर्यंत दोघी तिथं बोलायच्या वाक्यांच्या मागे लागल्या. चिऊ घरी भांडी विसळताना घोटायची, बाबांच्या बसमध्ये मागच्या सीटवर बसून घोटायची. बाई तिला म्हणाल्या, "गाणं कुणाला दिसता कामा नये हं. ते आपल्या दोघींचं." इथंच त्या फसल्या, पण तेव्हा ते कुणाला कळणार?

बैठकीला चिऊ वेणी घट्ट घालून आली. बाबा भिंतीला टेकून उभे होते. तिनं हात पाठीमागे घेतले, बोट मनगटावर हलकेच आपटू लागलं, आणि ती बोलली. "नमस्कार. मी पाचवीत शिकते. मला आमचा गाण्याचा वर्ग फार आवडतो. तो बंद करू नका." एक अक्षर अडलं नाही. पाण्यासारखं वाहून गेलं सगळं.

अध्यक्षांनी कौतुकानं मान डोलावली, मग बाईंकडे वळून विचारलं, "गोड बोलते. पण हिला अडचण काय होती म्हणालात?"

"बोलताना अडायची ती, साहेब," बाई म्हणाल्या. "शब्दच फुटत नव्हता."

"हिला? काहीतरीच काय!" ते हसले.

बाबांना राहवलं नाही. पुढे येऊन ते म्हणाले, "खरंय साहेब, अडायची. पण आता ठणठणीत आहे. बाईंची कृपा. आता काही काळजी नाही."

"मग झालं तर!" अध्यक्ष म्हणाले. "बाईंचं काम पूर्ण झालं की."

बाईंच्या जिभेवर आलं होतं, साहेब, तिला आत्ता, इथं, दुसरं काहीही विचारा. जेवलीस का, एवढं विचारा. किंवा नुसतं 'हजर' म्हणायला सांगा. तेवढ्यानं सगळं सिद्ध झालं असतं. पोरगी सगळ्यांसमोर रुतली असती, मान ताठ झाली असती, आणि कदाचित वर्ग वाचला असता. चिऊ बाईंकडे बघत होती, गाल लाल, आपण जिंकलो अशा डोळ्यांनी. बाईंनी उघडलेलं तोंड मिटलं आणि त्या टाळ्या वाजवू लागल्या.

बाहेर गणिताच्या सरांनी त्यांना गाठलं. एरवी चेष्टा करणारा माणूस, पण त्या दिवशी हसला नाही. "अहो बाई, नुसतं औषध काय दाखवलंत? आजारही दाखवायला हवा होता."

"तुम्ही दाखवला असता?" बाईंनी विचारलं.

सरांनी खांद्यावरची पिशवी सावरली आणि ते निघाले.

नव्या सत्रात प्लायवूड ठोकलं गेलं. पियानो दारातून निघेना म्हणून भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि त्यावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचले. नोकरी तेवढी टिकली होती, म्हणून बाईंना सराव वर्गावर देखरेखीला बसवलं. पलीकडे चाचणी, अलीकडे सराव, आणि दोन्हीकडे शांतता पाळायची सक्त ताकीद.

पहिल्या दिवशी बाईंनी हजेरी घेतली. नाव पुकारायचं, 'हजर' ऐकायचं. पोरं भराभर म्हणत गेली आणि चिऊची पाळी आली. ती उभी राहिली, तोंड उघडलं. "ह... ह..." मान ताठ झाली, बोट बाकावर ठेका शोधू लागलं, टक टक, टक टक. पलीकडून प्लायवूडवर थाप पडली. "शांतता!"

बाईंनी वाकून अगदी हळू सूर लावला, "आलीस का गं..." चिऊचे डोळे चमकले. पण लगेच पुन्हा थाप पडली, ह्या वेळी जोरात, आणि दारात मोठ्या बाई येऊन उभ्या राहिल्या. तोंडावर बोट ठेवून त्यांनी मान हलवली आणि तिथंच थांबल्या. बाईंचा सूर घशातच राहिला. चिऊ उभीच होती. मागच्या बाकांवर फिस्स झालं, मग दुसरीकडे. पोरीचे डोळे बाईंच्या ओठांवर खिळलेले, की आता पुढची ओळ येईल, आता येईल. तिचा चेहरा जांभळा पडत चालला आणि बाईंना ते बघवेना.

"असू दे," बाई म्हणाल्या. "बस."

चिऊनं सवयीनं मान हलवली आणि बसली. बाईंनी पुढचं नाव पुकारलं.