नेहमीसारखी खोकी

"कुठे असता कामाला?" असं कुणी विचारलं की काकू मुद्दाम एवढंच सांगायच्या, "दारूच्या कारखान्यात." समोरच्याचं तोंड नीट बघून घ्यायच्या आणि मग सावकाश जोडायच्या, "शोभेच्या हो!" आकाशात जाऊन फुटणारे गोळे त्या एकवीस वर्षं खोक्यांत भरत होत्या, आणि एवढ्या वर्षांत त्यातला एकही गोळा त्यांनी जवळून फुटताना पाहिला नव्हता. लांबून, गच्चीवरून, लोकांच्या डोक्यांवरून पाहिले असतील, ते सोडा. स्वयंपाक करणारीलाच पंगतीला बोलवायचं राहून जावं, तशातली गत.

त्या दिवशी मात्र बोलावणं आलं होतं. कारखान्याला आता हे गोळे जहाजाने बाहेर पाठवायचे होते आणि त्यासाठी परीक्षा असते. नुसत्या गोळ्यांची नाही, भरलेल्या खोक्यांची. गोळे दोन दिवस भट्टीत मंद उष्णतेवर तापवून झाले होते, खोकी छातीएवढ्या उंचीवरून कोपऱ्यावर आपटून झाली होती. शेवटची परीक्षा उरली होती: आठ खोकी रचायची, खाली लाकडं पेटवायची आणि लांब जाऊन बघत बसायचं. गोळे एकेक करून फुटले तर पास. सगळे एकदम उडाले तर नापास, आणि मग तो माल ट्रकमध्ये चढवायचं नावसुद्धा काढायचं नाही.

एवढंच असतं तर काकूंनी डबा उघडून आरामात मजा बघितली असती. पण तो ट्रक चालवणार होती त्यांची लेक! एकुलती एक, सव्वीस वर्षांची, आणि कुणाचं ऐकायचं नाही अशी जन्मतःच शपथ घेतलेली. आसपासच्या दुकानांना फुलबाज्या पोचवत होती तोवर काकूंनी कसंबसं सोसलं. आता तिला बंदरापर्यंतची फेरी मिळणार होती. दोन दिवस जायचे, दोन दिवस यायचे, आणि जाताना पाठीमागे सहाशे खोकी. नुसत्या विचाराने काकूंच्या पोटात गोळा यायचा. "तुझ्या पोटात एकच गं, माझ्या पाठीशी हजारो," असं म्हणून लेक खो-खो हसायची. हिच्याबरोबर हसावं की हिला एक ठेवून द्यावी, हे काकूंना कधीच ठरवता आलं नाही.

शेवटी मायलेकींत तह झाला. "एकदम उडालं, तर गाडीची चावी तुझ्या हातात. पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही," लेक म्हणाली होती. "पण एकेक करून फुटलं, तर तू पुन्हा एक अक्षर काढायचं नाहीस. कबूल?" काकूंनी कबूल म्हटलं होतं. परीक्षेची आठ खोकी लेकीनेच ट्रकमधून आणली, आणि काकू शेजारच्या सीटवर पदराचा बोळा करून बसल्या होत्या.

परीक्षेची जागा म्हणजे मैलभर उघडंबोडकं माळरान. एका टोकाला काँक्रीटची जाड भिंत, तिला बोटभर जाडीच्या काचेची एक अरुंद खिडकी. मधोमध लोखंडी चौथरा, त्याखाली डिझेल शिंपडलेली लाकडं. आणि चौथऱ्याच्या तीन बाजूंना, चार-चार मीटरवर, माणसापेक्षा उंच असे ॲल्युमिनियमचे पत्रे उभे केलेले.

परीक्षक म्हणजे एक वाळकेसे, पांढऱ्या भुवयांचे गृहस्थ. सगळे त्यांना थांबासाहेब म्हणत, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू व्हायचं. चहा घेणार का विचारलं तरी, "थांबा, घेतो."

"हे पत्रे कशाला हो साहेब?" काकूंनी विचारलं.

"थांबा, सांगतो. इथे माणूस उभा असता तर त्याचं काय झालं असतं, ते पत्रा सांगतो. भोक पडलं, वाकला, की समजायचं."

काकूंनी नजरेनेच अंतर मोजलं. "ट्रकचा ड्रायव्हर याहून जवळ बसतो की."

साहेबांनी लेकीकडे बघितलं, मग काकूंकडे. "बसतो," एवढंच म्हणाले. त्यानंतर काकूंना त्या पत्र्याकडे नीट बघवेना.

मग साहेबांनी कागद काढला, चष्मा चढवला. "खोकी कुणी भरली?"

"मीच भरली."

"नेहमी भरता तशीच? जशी सहाशे जाणार, अगदी तशीच?"

आता आली का पंचाईत! कारण तशी ती मुळीच भरलेली नव्हती. मॅनेजर म्हणाले होते, "काकू, परीक्षेची आहेत, जरा जीव ओतून भरा." आणि लेक नेणार म्हटल्यावर काकूंनी सगळाच्या सगळा जीव ओतला होता. कप्प्यांचे पुठ्ठे दुहेरी, प्रत्येक गोळ्याला जाड कागदाचे दोन वेढे, चिकटपट्टी तीनदा फिरवलेली. पाहुणे येणार म्हणून घर आवरावं, तशी ती आठ खोकी आवरलेली होती. झाकली मूठ ठेवली असती तर कुणाला कळणार होतं? साहेबांनी सही केली असती, मॅनेजर खूश, लेक खूश.

आणि लेक निघाली असती ती मात्र दुसऱ्याच खोक्यांना पाठीशी घेऊन.

"नाही साहेब," काकू म्हणाल्या. "ही फार चांगली भरलीत. रोजची अशी नसतात."

"आई!" लेक ओरडलीच.

"ओरडू नकोस. खरं ते सांगितलं."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. ते रागावले नाहीत, उलट पहिल्यांदाच काकूंकडे जरा निरखून बघितलं. "थांबा. मग ही चालणार नाहीत. गोदामातून रोजची आणावी लागतील, आणि कोणती ते मी सांगणार." त्यांनी मालाची यादी मागवली, डोळे मिटून तिच्यावर बोट ठेवलं आणि बोटाखाली आलेल्या तारखेची आठ खोकी आणायला सांगितलं.

फोनवर मॅनेजर इतके कडाडले की फोन कानापासून हातभर लांब धरला तरी ऐकू येत होतं. लेकीने ट्रकचं दार धाडकन लावलं. जाताना काच खाली करून म्हणाली, "तुला मी गाडी चालवायलाच नको आहे ना? सरळ सांग की मग!" आणि धुरळा उडवत गेली. काकू भिंतीच्या सावलीत बसून राहिल्या. जाऊन यायला तीन तास. डबा समोर होता, पण घास उतरेल तर शपथ. खरं बोलून आपण लेकीला वाचवलं की तिचं वाटोळं केलं, हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

खोकी आली. प्रत्येकावर भरणाऱ्याचा नंबर आणि तारखेची चिठ्ठी असते. सतरा, म्हणजे काकूच. तारीख वाचली आणि त्यांनी ती पुन्हा एकदा वाकून वाचली. हाच तो दिवस! आदल्या संध्याकाळी लेक जड वाहनांचं लायसन्स घेऊन नाचत घरी आली होती, आणि काकूंनी त्या लायसन्सकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. सकाळी एकमेकींशी न बोलताच दोघी बाहेर पडल्या होत्या. तो अख्खा दिवस काकूंनी दात-ओठ खात खोकी भरली होती. काय भरलं, कसं भरलं, काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

"साहेब," त्यांनी हळूच विचारलं, "दुसरी तारीख नाही का चालणार? त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं."

"थांबा. ट्रक भरताना काय चांगल्या दिवसांची खोकी निवडून भरता?"



साहेबांनी नमुना म्हणून एक जादा खोकं मागवलं होतं, ते उघडलं. साधे एकेरी पुठ्ठे, एकेरी कागद. पण आत वाकून ते बराच वेळ बघत राहिले. गोळे उलटसुलट ठेवलेले होते, एकाची वात वर, शेजारच्याची खाली, ओळीमागून ओळ. "कारखान्याने दिलेल्या चित्रात सगळ्या वाती वर आहेत. हे कुणी शिकवलं?"

"शिकवतंय कोण! वातीला वात लागू नये म्हणून मीच. आम्ही पाच भावंडं एका अंथरुणावर अशीच निजायचो, एकाचं डोकं तिकडे, दुसऱ्याचं इकडे. नाही तर रात्रभर मारामाऱ्या."

"आणि डोकं ठिकाणावर नसतानाही अशीच भरलीत?"

"हातांना काय कळतंय राग," काकू म्हणाल्या.

आठ खोकी रचली गेली. सगळे भिंतीमागे आले. साहेबांनी बटण दाबलं आणि लाकडं पेटली.

आधी काहीच झालं नाही. ज्वाळा खोक्यांना चाटत वर चढल्या, पुठ्ठा काळा पडला. पाच मिनिटं. सात. काचेवर काकूंचं नाक टेकलं होतं, शेजारी लेकीचं. लेक खोकी घेऊन परतल्यापासून दोघी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

आणि मग पहिला फुटला.

अरे बापरे! काकूंना वाटलं, आवाज कानांतून नाही, बरगड्यांतून आत शिरला. भर दुपारच्या उन्हात, जमिनीपासून हातभर वर, हिरव्यागार ठिणग्यांचा एक मोठा थोरला घुमट उभा राहिला, क्षणभर तसाच राहिला आणि ओघळून गेला. हिरवा! हिरव्या चिठ्ठीचे गोळे म्हणून त्यांनी ते लाखांनी हाताळले होते, मुलांनी गोट्या हाताळाव्यात तितक्या सहज. पण हे आत होतं? एवढं सगळं? काकूंचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

त्या पुढच्याची वाट बघू लागल्या. सगळं आत्ताच ठरायचं होतं. एक, दोन, तीन, चार... आणि दुसरा, तांबडा. मग बरीच शांतता. मग चंदेरी, त्याच्या शेपट्या जमिनीवरून सरपटत लांबवर गेल्या. मग एकाएकी तिघे लागोपाठ, धडाड-धड-धड, आणि लेकीने काकूंचं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. आता जातंय सगळं! काकूंनी डोळे मिटले, पण मिटून राहवेना, उघडले. नाही. पुन्हा एकच. पुन्हा थांबून एक. खोकी शिस्तीत जळत होती, आणि गोळे आपापला नंबर येईल तसे जात होते. निळा. सोनेरी. पुन्हा हिरवा. एकाच्या आगीचं दुसऱ्याला जणू बोलावणंच पोचत नव्हतं.

"हा निळ्या चिठ्ठीचा," काकू पुटपुटत होत्या. "हा कोपऱ्यातला... हा त्याच्या शेजारचा, खाली वात केलेला." गाल ओले झालेत हे त्यांना कळलंसुद्धा नाही. एकवीस वर्षं आपण काय हातांत धरत होतो! आणि त्याला एका पुठ्ठ्याने, एका कागदाने, हाताच्या नुसत्या सवयीने धरून ठेवता येतं! रागाच्या, रडकुंडीच्या दिवशीसुद्धा! एवढं मोठं आश्चर्य त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. थांबासाहेबांनी हे शेकडो वेळा पाहिलं असणार, पण तेही चष्मा काढून बघत होते.

शेवटचा गोळा फुटला. विस्तव निवेपर्यंत कुणीही जागचं हलायचं नव्हतं. साहेब नुसतं "थांबा" म्हणत होते आणि आज ते कुणाला खटकलं नाही. मग ते पुढे गेले, तिन्ही पत्रे हात फिरवून तपासले, आणि सगळ्यांना पुढे यायची हाताने खूण केली.

काकू गेल्या त्या थेट पत्र्यापाशी. काजळी धरली होती. चार-दोन जागी बोटाएवढे डाग. भोक नाही, पोचा नाही, पत्रा ताठ उभा. त्यांनी त्यावर तळवा ठेवला, तो अजून कोमट होता.

लेक चालत पलीकडे गेली आणि पत्र्यामागे उभी राहिली. काकूंना तिचे फक्त बूट दिसत होते. बोलली तेव्हा तिचा आवाज ओळखू येईना.

"आई, मला रोज भीती वाटायची."

काकूंचा तळवा पत्र्यावरच राहिला. "तुला?"

"पहिल्या दिवसापासून. फुलबाज्या होत्या तरीसुद्धा. आरशात मागे बघायचं टाळायचे मी."

"मग ते हसणं? ते विनोद?"

"तुझ्यासमोर रडले असते तर तू गाडी सोडायला लावली असतीस."

लावलीच असती. त्यात काय खोटं? आपण एकट्याच घाबरतो, या पोरीला काळीजच नाही, असं काकू वर्षभर धरून चालल्या होत्या. आणि हिचं काळीज आपल्याच काळजाच्या मापाचं निघालं! पत्र्याला कवटाळावं असं त्यांना वाटलं, पण काजळी साडीला लागली असती.

"आणि आता गं?" त्यांनी विचारलं.

पलीकडे बूट जरा सरकले. "आता... तू भरलेलं असेल तर नाही वाटणार."

काकूंनी पदराने तोंड खसाखसा पुसलं आणि पत्र्यावर बोटाने टकटक केली.

"ये बाहेर. निघू चल. सहाशे खोकी भरायची आहेत मला."